न्हानूकाका आणि राखलेले तवसे

न्हानूकाका कुणाच्याही घरात पुढच्या दाराने शिरत नाहीत. मागच्या पडवीतून येतात, चपला पायरीखाली सारतात, सरळ गॅसपाशी जाऊन टोपावरचे झाकण उचलतात आणि आत बघून विचारतात, "ही भाजी खंयची?" तुम्ही कशा आहात, पाऊस काय म्हणतो, हे सगळे नंतर. आधी भाजीचे गाव कळले पाहिजे.

लग्न होऊन मी या वाड्यावर आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी हा प्रसंग माझ्यावर गुदरला. मी नव्या साडीत, हातात डाव, आणि एक उंच, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा अनोळखी माणूस माझ्या फ्लॉवरच्या टोपात डोके घालून उभा. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या देवापुढून न उठताच म्हणाल्या, "न्हानू असतलो. बाजारातली म्हणान सांग तेका." मी सांगितले. त्यांनी झाकण इतके हळू परत ठेवले की आतली भाजी आजारी असावी असे मला वाटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ट्रक इलो नाय तर?"

हे त्यांचे ठरलेले दुसरे वाक्य. ट्रक म्हणजे बेळगावचा ट्रक. आमच्या पेडण्यात काय, डिचोलीत काय, अख्ख्या गोव्यातच भाजी म्हणजे बेळगावची. पहाटे ट्रक घाट उतरतात, म्हापशाच्या बाजारात रिकामे होतात आणि आम्ही पिशव्या घेऊन जातो. कोबी तिथला, टोमॅटो तिथला, कोथिंबीरसुद्धा तिथली. आमचे म्हणायचे तर फक्त खोबरे, आणि तेही भावावर रुसून बसलेले.

गंमत अशी की तो ट्रक तीस वर्षे खुद्द न्हानूकाकांनीच चालवला. चोर्ल्याचा घाट आपण झोपेत उतरू शकतो, असे ते अभिमानाने सांगतात. एकदोनदा तसे उतरलोही आहोत, हे जरा हळू आवाजात सांगतात. दरड कोसळली की ट्रक अडकतो, कुणी बंद पुकारला की अडकतो, क्लच गेला की अडकतो, आणि तिकडे घाटाखाली तीन तालुक्यांतल्या बायका टोप रिकामा ठेवून बसतात, हे त्यांनी स्टिअरिंगमागे बसून पाहिले होते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात तसे हे वाड्यावरच्या स्वयंपाकघरांच्या यात्रेला निघाले. लग्न केलेले नव्हते, घरी वाट पाहणारे कुणी नव्हते आणि वेळ भरपूर होता.

सुरुवातीला कुणी त्यांना मनावर घेत नसे. मांद्र्याला एका रिसॉर्टमध्ये मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचे लग्न होते. तिथे पंगत सोडून काका थेट आचाऱ्यांच्या तंबूत गेले आणि हिरव्या फुलाची एक विलायती भाजी हातात धरून तिची जन्मकुंडली विचारू लागले. आचारी परप्रांतीय. त्याला वाटले, सरकारी खात्याचा माणूस तपासणीला आला. त्याने काकांना खुर्ची दिली, सरबत दिले आणि पहिली ताटली त्यांनाच वाढली. काका ती जेवून आले आणि म्हणाले, माणूस चांगला आहे, पण ट्रकावर फार विसंबून आहे.

मग ते टाळेबंदीचे वर्ष आले, जेव्हा सगळेच बंद झाले आणि सीमेवरची फाटके पडली. ट्रक आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आमच्या घरी आठवडाभर फणस. फणसाची भाजी, फणसाचे सांदण, फणसाच्या आठळ्यांची आमटी. नवव्या दिवशी माझा नवरा, जो मुरगाव बंदरात नोकरीला आहे आणि तेव्हा घरीच अडकला होता, फणस कापायचा विळा हातात घेऊन इतका वेळ गप्प बसला की सासूबाईंनी तो विळा काढून घेतला. दहाव्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर तांबड्या भाजीची जुडी ठेवलेली होती. मुळांना माती ओली. वाड्यावरच्या वीसही घरांच्या पायरीवर तशीच एकेक जुडी. काका वर्षभर आपल्या घरामागे काय उकरत असतात ते आम्हाला त्या दिवशी कळले. "सांगलां नव्हतां?" असे ते एकदाही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर घरोघर जाऊन म्हटले असते.

त्यानंतर मात्र ते जे बोलतील ते वाडा ऐकू लागला. देवळामागचे शेत कित्येक वर्षे पड होते, कारण ज्याला त्याला नोकरी. देवस्थानाकडे जाऊन काकांनी ते मागून घेतले आणि घरटी एक वाफा पाडला. दर गुरुवारी संध्याकाळी मांडावर, म्हणजे जिथे आमचा शिगमो उभा राहतो त्या जागेवर, ज्याला जे जास्त झाले ते त्याने आणून ठेवायचे आणि ज्याला जे हवे ते त्याने उचलायचे. पहिली टोपली अंगणवाडीला. दुसरी टोपली वाड्यावर एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना. ती काका स्वतः पोचवतात. त्या म्हाताऱ्यांत आपणही मोडतो, हे त्यांच्या गावीही नाही.

आणि बी. विकतचे बी काकांना चालत नाही. प्रत्येक गावाचा जसा एक राखणदार देव असतो तसा त्यांनी प्रत्येक घराला एकेका बियाण्याचा राखणदार करून टाकले. कुणाकडे वाल, कुणाकडे भेंडी, कुणाकडे हरमलची मिरची. आमच्या घराकडे आले तवसे. तवसे म्हणजे आमची पावसाळी काकडी, हातभर लांब, पिकली की सोन्यासारखी पिवळी होते. हे साधे तवसे नव्हते, काकांच्या आईचे होते. म्हातारीने माहेरहून आणलेले बी काकांनी इतकी वर्षे जपले होते. "टीचर," मला म्हणाले, "ह्यां तुमका दितंय. तुमी पेपर तपासतास, तुमची नजर बारीक." शाळेत पंधरा वर्षे काढूनही मला इतका मोठा मान कुणी दिला नव्हता.

राखणदारी सोपी नाही. काका दररोज फेरी मारत. वाफ्यातली भाषाही त्यांची ट्रकातली. मी जास्त पाणी घातले तर म्हणत, टाकी फुल केली म्हणून गाडी जोरात पळत नाही. मांडवावर चढणाऱ्या वालाच्या वेलीकडे बोट दाखवून सांगत, ती घाटात आहे, तिला लोड देऊ नका. शेजारच्या वाफ्यातला भोपळा आमच्यात घुसला तेव्हा म्हणाले, राँग साइडने आला आहे, वळवा त्याला. आणि दोघांनी मिळून, अगदी रहदारी पोलिसाच्या गांभीर्याने, आम्ही तो भोपळा वळवला.

गेल्या वर्षी पाऊस फार लागला. तवशाचे वेल कुजले. शेवटी आमच्या कुंपणावर एकच फळ उरले, पण काय फळ! चतुर्थीच्या सुमारास ते असे पिवळेधमक झाले की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. काकांची बियांची राखीव बाटली रिकामी होती, कारण त्यांनी उत्साहाच्या भरात ते सगळे बी डिचोलीच्या एका महिला मंडळाला वाटले होते आणि त्यांचे वाफे पहिल्याच पुरात वाहून गेले होते. म्हणजे आईच्या तवशाचे सगळे बी त्या एका फळात. काकांनी एका सकाळी येऊन त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधली, हे फळ राखलेले आहे, हात लावू नये म्हणून. मी शाळेत होते, सासूबाई न्हाणीत. त्यांनी कुणाला सांगितले नाही. चिंधी बघून कुणालाही कळेल असे त्यांना वाटले.

आणि चिंधी बघून कळलेच आम्हाला. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. छताला लाकडी चौकट टांगून तिला फळे, भाज्या, रानातली कवंडळे, सुपारीचे घड असे जे जे त्या दिवसांत मातीतून येते ते सगळे लटकवतात. चांगले फळ दिसले की माणसे आधीच त्याला दोरा किंवा चिंधी बांधून देवासाठी राखून ठेवतात. मला वाटले, सासूबाईंनी राखले. सासूबाईंना वाटले, मी राखले. त्या माझ्यावर खूश, मी त्यांच्यावर खूश. नवरा मुरगावहून आला आणि शिडीवर चढून त्याने ते तवसे मधोमध, बरोबर गणपतीच्या मुकुटावर बांधले. चिंधीसकट.

काका दर्शनाला आले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले होते. त्या एका दिवशी ते पुढच्या दाराने येतात. हात जोडले, मान वर केली आणि तसेच उभे राहिले. पाच मिनिटे झाली, आरती सुरू झाली, संपली, तरी त्यांचे डोळे वरच. कडांना पाणी आलेले. पाहुण्यांपैकी एकजण माझ्या कानात म्हणाला, केवढी भक्ती! मलाही तेव्हा तेच वाटले. देवाला वाहिलेले मागायचे कसे, म्हणून ते बिचारे गप्प राहिले. मनाशी त्यांनी ठरवले, दीड दिवसाचा गणपती आहे, विसर्जन झाले की मागून घेऊ.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मागच्या पडवीत हजर. हातात रिकामी पिशवी. पण झाकण उचलायच्या आत सासूबाईंनी त्यांच्यापुढे बशी ठेवली. बशीत तवसळीचे दोन जाड तुकडे. तवसळी म्हणजे तवसे किसून, रवा, गूळ आणि खोबरे घालून केलेला आमचा केक. काकांनी दोन्ही तुकडे खाल्ले, आणखी एक मागून घेतला, बोटे चाटली. "बरी झाली गो," म्हणाले. मग पिशवी झटकून विचारले, "आणि माटोळेचां तां तवसां खंय?"

सासूबाई म्हणाल्या, "तांच मरे खातंस तू."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी आधी बशीकडे पाहिले. मग अगदी हळू विचारले, "आणि बियो?"

"त्यो कोंबयांक घातलंय."

ते उठले, अंगणात गेले. आमचा कोंबडा माती उकरत होता. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. कोंबड्यालाही काहीतरी चुकल्यासारखे वाटले असावे, तो माडाआड गेला. काका एकच शब्द बोलले, "संपलां." आणि चपला घालून निघून गेले. रागावले असते तर बरे झाले असते. मला रडूच आले. सासूबाईंनी त्या दिवशी उरलेली तवसळी कुणालाही वाढली नाही.

आठ दिवस आमच्या टोपाचे झाकण कुणी उचलले नाही. मी भाजी करायची आणि उगाच मागच्या दाराकडे बघायची. गुरुवारी मांडावरही काका आले नाहीत. टोपल्या आम्हीच पोचवल्या.

नवव्या दिवशी सासूबाई भात चिवडत म्हणाल्या की तवशाचे बी आणखी एका घरी असायला हवे. सुलूकडे. सुलू म्हणजे काकांची धाकटी बहीण, नदीपलीकडे आरोंद्याला दिलेली. लग्नात आईने तिच्या ओटीत तांदळाबरोबर तवशाच्या बियाही घातल्या होत्या, हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलेले. आमच्या शेतातून पलीकडच्या काठावरचे तिचे माड दिसतात, आणि अकरा वर्षे भावाबहिणीचे बोलणे नव्हते. कारण तवसेच. सुलूच्या मुलीच्या साखरपुड्याला काका पोतेभर तवशी घेऊन गेले, त्यांची कोशिंबीर झाली आणि त्यातले एक निघाले कडू. सगळ्या व्याह्यांदेखत सुलू म्हणाली, "दादा, तुजी तवशी कडू. आवयच्या हातची कधी कडू झाली नाय." काका म्हणाले, तवशी कडू नाही, तुझी जीभ कडू. आणि पान वाढलेले असताना, जेवणाला हात न लावता उठून आले.

मी काकांकडे जाऊन म्हटले, मी सुलूमावशींकडून बी घेऊन येते. ते म्हणाले, तिचे नाव काढू नका. मी म्हटले, बरे, तुम्ही येऊ नका, मी एकटीच जाते. मी अंगणाबाहेर पडले, स्कूटर सुरू केली, तेव्हा ते दारात आले. "टीचर, तुमका बी वळखता? बी वळखूक वीस वर्सां लागतत." मग मलाच दोष देत, केवळ तांत्रिक तपासणीसाठी म्हणून, मागे बसले.

तीस वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेण्यासारखी शिक्षा नाही. प्रत्येक वळणाला "हॉर्न!" प्रत्येक चढाला "गिअर!" स्कूटरला गिअर नाहीत, हे मी दोनदा सांगितले. पुलावर चढलो तेव्हा मात्र ते एकदम गप्प झाले. मला वाटले पडले की काय. आरशात पाहिले तर एका हाताने केस सारखे करत होते.

सुलूमावशी अंगणात भांडी घासत होती. आम्हाला पाहिले, हात तसेच राखेचे, उभी राहिली. भावाकडे बघितले नाही. मला म्हणाली, "बस गो. तेंका विचार, चाय घेतत काय." काका माझ्याकडे बघत म्हणाले, "सांगा तिका, मी फक्त बी बघूक इलंय." दोघांमध्ये तीन हातांचे अंतर, आणि मी दुभाषी. चहा झाला. गुडघे कसे आहेत ते माझ्यामार्फत विचारून झाले. मिशा पांढऱ्या झाल्या, हे माझ्यामार्फत कळवण्यात आले. मग तिने आतून बाटली आणली. तोंडापर्यंत भरलेली, वर राखेचा थर. तिने काकांचा हात ओढून तळवा उघडला आणि त्यावर मोजून पाच बिया ठेवल्या. बाटलीला बूच लावले.

"पाचच?" काका थेट तिलाच म्हणाले.

"कमी पडली तर परत ये," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

परतीच्या वाटेवर काकांनी पुलापासून घरापर्यंत बहिणीच्या चिक्कूपणाचे वर्णन केले. बाटली भरून बी, आणि सख्ख्या भावाला पाच! मलाही तेव्हा ते जरा खटकले होते, खोटे कशाला सांगू. बियांची पुडी मात्र त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि त्यावर हात धरलेला होता, त्यामुळे हॉर्नकडे त्यांचे लक्षच राहिले नाही.

दिवाळी झाली, भात कापून झाले, वाफे पुन्हा उकरले गेले. काका पूर्वीसारखे मागच्या पडवीतून येऊ लागले. एका रविवारी सकाळी सासूबाईंनी त्यांच्यासाठी वाटीभर खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, दिले, ते पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. पुढे कुणी नव्हते म्हणून मागे वळले. न्हाणीच्या भिंतीलगत, ऊन लागू नये म्हणून आडव्या लावलेल्या झावळीखाली, पाच करवंट्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक करवंटीत तवशाचे रोप, जाड, हिरवेगार, चार-चार पानांवर आलेले. पाचही. मला इतका आनंद झाला की मी वाटी तिथेच पायरीवर ठेवली आणि सासूबाईंना सांगायला धावत घरी आले.

पाठोपाठ अर्ध्या तासाने काका आले. धुतलेला, इस्त्री केलेला सदरा. केसांना तेल. हातात तांबड्या भाजीच्या दोन जुड्या आणि केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी. टोपाचे झाकण त्यांनी उचललेच नाही. खांबाला टेकून, दुसरीकडे बघत म्हणाले, "टीचर, बी रुजूक नाय. एकय नाय. परत जावक होया."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सासूबाईंकडे पाहिले. मला एकदम भरून आले. तीस वर्षे त्या माणसाने घाटातले नाही नाही ते बहाणे ऐकले असतील, पण स्वतःला एक धड बहाणा करता येत नव्हता.

"अरेरे," मी म्हटले. "मग संध्याकाळी जाऊया का?"

"संध्याकाळी नको," काका घाईने म्हणाले. "साडेबाराक निघूया. जेवणाच्या येळार पोचतलव."